पक्षीग्रुपमध्ये काय बोलावं, काय नको: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली आठ वर्षं मी पुण्याच्या बाजूच्या एका पक्षीनिरीक्षणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिन आहे, म्हणजे तिघांपैकी एक, बाकीचे दोघं फक्त दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला उगवतात. दर पावसाळ्यात तीच भांडणं होतात आणि दर थंडीत तेच प्रश्न येतात. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. खालचे सगळे प्रश्न खरंच विचारले गेलेत, काही तर रात्री साडेअकराला पर्सनलवर. तुमचा ग्रुप पक्ष्यांचा नसेल, ट्रेकिंगचा किंवा गच्चीवरच्या बागेचा असेल, तरी यातलं बरंच लागू पडेल.

मी नवीन आहे. लगेच पोस्ट टाकली तर चालेल का?

चालेल की. १९९५ मध्ये इंटरनेटवर वागावं कसं याची एक प्रसिद्ध नियमावली निघाली होती, तिच्यात लिहिलं होतं की कुठल्याही चर्चेत तोंड उघडायच्या आधी एक-दोन महिने नुसतं वाचा. योगायोग म्हणजे भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं तेही त्याच वर्षी १५ ऑगस्टला. आता एक-दोन महिने गप्प कोण बसणार? आमच्याकडे दोन दिवस पुरे. वरती पिन केलेला मेसेज वाचा, मागच्या आठवड्याच्या गप्पा चाळा आणि मग या. त्याच नियमावलीत असंही होतं की सगळी अक्षरं कॅपिटल म्हणजे ओरडणं. देवनागरीत कॅपिटल नाही, त्यामुळे आपल्याकडे ते काम पाच उद्गारचिन्हं करतात. ती टाळा.

पक्षी ओळखून हवा असेल तर कसं विचारू?

"हा कोणता?" एवढंच लिहून झाडाच्या शेंड्यावरचा काळा ठिपका टाकू नका. कुठे दिसला (तालुका पुरे), कधी दिसला, आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, काय करत होता आणि आवाज आला का, हे सांगा. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड झाला असेल तर सोनंच, मागे मिक्सर चालू असला तरी चालेल. फोटो वाईट असला तरी टाका, लाजू नका. फक्त ठिपका मोठा करून, एआयनं "शार्प" करून टाकू नका, कारण ते अ‍ॅप नसलेली पिसं काढून देतं आणि मग आम्ही अस्तित्वात नसलेल्या पक्ष्यावर तासभर वाद घालतो.

माझी ओळख चुकली तर लोक हसतील का?

हसले तर त्यांना मी बघते. दरवर्षी एप्रिल-मे मध्ये कोणीतरी ठिपक्याठिपक्यांचा पक्षी टाकून "हा गरुड आहे का?" विचारतं आणि ती कोकिळेची मादी निघते. दरवर्षी. आणि दरवर्षी कोणीतरी जुना मेंबर डोक्याला हात लावलेला इमोजी टाकतो, जो स्वतः तीन वर्षांपूर्वी त्याच कोकिळेला ससाणा म्हणाला होता, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे पण मी दाखवणार नाही. नर काळा कुळकुळीत आणि मादी ठिपक्यांची, पहिल्यांदा बघणाऱ्याला कसं कळणार? तसंच पावशा (कोकिळेच्या कुळातला) आणि शिक्रा (छोटा शिकारी पक्षी). पावशाचं सगळं अंग शिक्र्यासारखं, उडणंसुद्धा तसंच, इतकं की छोटे पक्षीही फसून कल्ला करतात. चोच बघितली तर उलगडा होतो, शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली आणि पावशाची साधी, पण चोच दिसेपर्यंत तो उडून गेलेला असतो. त्यामुळे चुका. बिनधास्त चुका.

एका सरांनी ओळख सांगितली पण मला ती चुकीची वाटते. मी कालच आलोय. बोलू का?

बोलाच. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर मला विचाराल तर हेच.

आपल्या ग्रुप्समध्ये एक विचित्र प्रकार आहे. अफवा, फॉरवर्ड, कोणाच्यातरी आजीचा जडीबुटीचा उपाय हे सगळं बिनदिक्कत चालतं आणि तिथे कोणी काही बोलायला गेलं की "जाऊ द्या हो, असू दे" म्हणतात. पण ज्यांच्याकडे सहाशे एमएमची मोठी लेन्स आहे त्या सरांना "सर, हा स्टेपी गरुड नसून ठिपकेदार गरुड असावा का?" असं विचारलं की एकदम शांतता. जिथे मोकळं बोलायला हवं तिथे आपण गप्प, आणि जिथे गप्प बसावं तिथे गजर.

रानपिंगळ्याची गोष्ट यासाठीच सांगते. हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणालाच सापडत नव्हतं. रिचर्ड माइनर्टझहागन नावाच्या ब्रिटिश कर्नलनं १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचा दावा करून एक नमुना दाखवला होता, माणूस पक्षीशास्त्रातला बडा, त्यामुळे त्याच्या शब्दावर कोणी शंका घेईना. पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी ती घेतली. त्यांनी जुने नमुने तपासले तेव्हा कळलं की तो नमुना चोरलेला होता, संग्रहालयातला, जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं खानदेशात गोळा केलेला, आणि कर्नलसाहेबांनी त्याला नवी चिठ्ठी लावलेली. म्हणजे गुजरातची ती नोंदच खोटी. मग त्या आणि त्यांचे दोन सहकारी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला शोधायला आले आणि रानपिंगळा समोर बसलेला! ११३ वर्षांनी. एका मोठ्या माणसाला "हे खरं कशावरून?" विचारल्यामुळे.

तर विचारा. फक्त विचारताना कारण द्या. "सर चुकताय" एवढंच लिहिलं तर ते भांडण, आणि "सर, पंखांखालचा रंग बघता मला असं वाटतंय" लिहिलं तर ती चर्चा. सर म्हणायचं की दादा की नुसतं नाव, ते तुम्ही ठरवा.

आणि सर चिडले तर?

चिडू देत. एकदा एका ज्येष्ठ मेंबरनं कॉलेजच्या मुलीला "आधी दहा वर्षं रानात फिरून ये" असं लिहिलं होतं. मी त्यांना फोन केला, ग्रुपवर नाही, फोन. अर्धा तास ऐकून घेतलं, मग म्हटलं काका, पण पक्षी कोणता होता? ते म्हणाले तिचंच बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रुपवर तसं लिहिलंही, माफी नाही मागितली पण "दुरुस्ती" असा शब्द टाकला. पुरे झालं.

मला दुर्मिळ पक्षी दिसला! लोकेशन टाकू?

थांबा. आधी पक्षी कोणता ते सांगा आणि सध्या काय करतोय ते सांगा.

भिगवणला पट्टकादंब हंस आलेत, रोहित (फ्लेमिंगो) आलेत, हे सगळ्या जगाला माहिती आहे, टाका. पाणथळीवर हजार पक्षी आहेत, चार माणसं जास्त गेली तर त्यांना फरक पडत नाही आणि गावातल्या नाववाल्यांना दोन पैसे मिळतात. पण घुबडाची ढोली, तिबोटी खंड्याचं बीळ, नवरंगाचं घरटं, याचं लोकेशन ग्रुपवर नाही म्हणजे नाही. पर्सनलवरही नाही खरं तर, कारण "फक्त तुलाच सांगतोय" हा मेसेज सहा जणांना गेलेला असतो.

कारण सांगते. तिबोटी खंड्या पावसाळ्यात कोकणात ओढ्याकाठच्या मातीच्या कडेला बीळ करून घरटं करतो. जूनमध्ये एक पिन फिरली की रविवारी सकाळी तिथे पंधरा ट्रायपॉड उभे, पक्ष्याच्या तोंडात सरडा आहे आणि बिळात पिल्लं ओरडतायत, पण माणसं मध्ये असल्यामुळे तो आत जात नाही, फांदीवरच बसून राहतो. आणि फोटोग्राफर खूश, कारण पोज मिळाली! मी स्वतः बारा वर्षांपूर्वी अशाच एका घोळक्यात उभी होते. तो फोटो अजून माझ्या लॅपटॉपवर आहे, कुठे टाकत नाही.

घुबडांचं तर आणखी वेगळं. दिवाळीच्या आसपास अघोरी पूजेसाठी घुबडं पकडून विकतात, हे दरवर्षीचं आहे. आपल्या तीनशे जणांच्या ग्रुपमध्ये कोण कोणाला काय फॉरवर्ड करतं हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही.

जाता जाता एक टेक्निकल गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली जागेची माहिती निघून जाते, पण क्वालिटी राहावी म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवला तर अक्षांश-रेखांशासकट जातो. आमच्याकडे एक मेंबर "लोकेशन गुप्त ठेवतोय" असं लिहून डॉक्युमेंट पाठवायचे. नोंद ठेवायची असेल तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका, तिथे संवेदनशील जातींची जागा सगळ्यांना दिसत नाही आणि अभ्यासाला उपयोगही होतो.

पण लोकेशन लपवणं म्हणजे ठरावीक लोकांची मक्तेदारी नाही का? त्यांना सगळं माहीत आणि आम्ही बाहेरचे.

हा आरोप खरा आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर येत नाही. लोकेशन लपवण्याच्या नावाखाली कंपूबाजी चालते, मी बघितलीय. काही जण वर्कशॉपचे पैसे घेऊन त्याच बिळापाशी लोकांना नेतात आणि ग्रुपवर नैतिकतेचे डोस देतात. त्यावर आम्ही एवढंच ठरवलंय की जे ग्रुपवर सांगायचं नाही ते पैसे घेऊनही दाखवायचं नाही, आणि असं कोणी करताना दिसलं तर ग्रुपवर नाव न घेता पण स्पष्ट विचारायचं. नव्या लोकांसाठी महिन्यातून एकदा सगळ्यांना खुली फेरी असते, फुकट, साध्या जागी. तिथे हळद्या, शिंजीर, वेडा राघू, भारद्वाज एवढं दिसतं. कोणाला ते कमी वाटतं, मला नाही वाटत.

घरट्याचे फोटो का चालत नाहीत? मी लांबूनच काढलाय.

काढला असेल. पण बघणाऱ्याला लांबी दिसत नाही, त्याला फक्त पिल्लांच्या उघड्या चोची आणि खाली दोनशे लाइक दिसतात, आणि मग तो त्याच्या साध्या मोबाइलनं तसाच फोटो मिळवायला फांदी वाकवतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणंही येतं. हो, शिकारीत. लोकांना वाटतं शिकार म्हणजे बंदूक. आवाजाची रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावणं याचंही तसंच. विणीच्या काळात त्याला वाटतं दुसरा नर घुसला, तो घरटं सोडून भांडायला येतो. प्लेबॅक वापरून काढलेला फोटो आम्ही घेत नाही. तुम्ही वापरला की नाही हे आम्हाला कळणार नाही, बरोबर, पण कॅप्शनमध्ये अभिमानानं लिहू तरी नका.

तुमच्याच बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलनं घरटं केलं असेल तर सांगा, गंमत ऐकायला आवडेल. फोटो पिल्लं उडून गेल्यावर टाका.

माझी पोस्ट डिलीट केली. हा माझ्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर घाला आहे.

वर्षातून चारदा तरी हे वाक्य येतं, त्यामुळे जरा सविस्तर.

घटनेच्या कलम १९(१)(क) मध्ये भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे, आणि लगेच १९(२) मध्ये त्याच्यावर कोणती वाजवी बंधनं घालता येतात तेही आहे. हे स्वातंत्र्य मुख्यतः सरकारनं तुमचं तोंड बंद करू नये म्हणून आहे. ते किती मोलाचं आहे हे महाराष्ट्राला तरी सांगायला नको. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, एकीनं मुंबईच्या बंदबद्दल लिहिलं आणि दुसरीनं नुसतं लाइक केलं. पुढे त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते ६६अ कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्दच केलं. ते अभिव्यक्ती स्वातंत्र्य.

आमचा ग्रुप म्हणजे सरकार नाही. आमचा ग्रुप म्हणजे कोणाच्यातरी घरची ओसरी आहे, तिथे पक्ष्यांवर बोलायला लोक जमलेत, आणि तुम्ही तिथे प्लॉटिंगची जाहिरात वाचायला लागलात तर कोणीतरी "अहो पुरे" म्हणणारच. तुम्हाला दुसरा ग्रुप काढायची पूर्ण मोकळीक आहे, लोकांनी काढलेतही, त्यातल्या दोन ग्रुपमध्ये मी स्वतः आहे.

पण, आणि हा पण मी मुद्दाम लिहितेय कारण बरेच अ‍ॅडमिन वरचा परिच्छेद फेकून मोकळे होतात. ओसरी आपली आहे म्हणून वाटेल तसं वागायचं नसतं. पोस्ट काढली तर कारण सांगितलंच पाहिजे, ग्रुपवर, एका ओळीत. अ‍ॅडमिनवर टीका केली म्हणून पोस्ट काढायची नाही. एखाद्याचं मत आवडलं नाही म्हणून काढायची नाही. आमच्यात फक्त या गोष्टी न विचारता जातात: घरट्याचं लोकेशन, कोणाचा नंबर किंवा पत्ता, शिवीगाळ, जात-धर्म-बाईमाणूस यावरून टोमणे, एआयनं बनवलेले पक्षी, जाहिरात. बाकी सगळं राहतं, कितीही टोचलं तरी. घरट्याचं लोकेशन हे मत नव्हे, ती एक पिन आहे. "लोकेशन लपवणं मूर्खपणा आहे" हे मत आहे आणि ते तुम्ही रोज लिहा, मी रोज उत्तर देईन.

मेंबरनं काही भयंकर टाकलं तर अ‍ॅडमिनला अटक होते म्हणे?

ही भीती घालून बरेच अ‍ॅडमिन "ओन्ली अ‍ॅडमिन" करून टाकतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलंय की मेंबरच्या पोस्टसाठी नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा मिळून तसा हेतू किंवा आधी ठरलेला बेत असल्याचं दिसलं पाहिजे. म्हणून डोळे मिटून बसा असा अर्थ नाही. पण त्या भीतीपोटी तीनशे लोकांचं तोंड बंद करायची गरज नाही. स्वतः लिहिणाऱ्यानं मात्र जपावं, बदनामीचा गुन्हा अजून आहे, पूर्वी भारतीय दंड विधानात होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. "अमुक माणूस पक्षी पकडून विकतो" हे पुराव्याशिवाय ग्रुपवर लिहू नका, वनखात्याला कळवा.

राजकारण चालत नाही ना?

निवडणुकीचा प्रचार, नेत्यांचे मीम, "यांच्या काळात आणि त्यांच्या काळात" हे नाही चालत, कोणाच्याही बाजूचं.

पण राजकारण नको या नियमाचा मलाच हल्ली त्रास व्हायला लागलाय. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून जो गदारोळ झाला, दादरच्या कबुतरखान्याला ताडपत्री घातली, कोर्ट, आंदोलन, सगळं, तेव्हा ग्रुपवर एकानं कबुतरांच्या विष्ठेनं फुप्फुसांना काय होतं ते लिहिलं, दुसऱ्यानं श्रद्धेवर लिहिलं, तिसरा म्हणाला राजकारण बंद करा. अरे, पक्ष्यांच्या ग्रुपमध्ये कबुतरांवर बोलायचं नाही तर कुठे बोलायचं? किंवा मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून जास्त रोहित मेले, तेव्हा ते रात्री का उडत होते, खाडीकाठी काय बांधकाम चाललंय, विमानतळ कुठे होतोय, हे विचारलं की लगेच "नो पॉलिटिक्स प्लीज". पक्ष्याचा फोटो चालतो आणि पक्ष्याच्या घराचा प्रश्न चालत नाही, हे मला पटत नाही.

म्हणून आता असं आहे: जिथे पक्षी किंवा त्याची जागा मध्ये आहे तिथे सरकारवर, महापालिकेवर, बिल्डरवर, अगदी वनखात्यावरही टीका चालेल. अट एवढीच की पक्षी मध्ये राहिला पाहिजे. चार मेसेजमध्ये पक्षी गायब झाला आणि १९४७ आलं की मी "पक्षी कुठाय?" असं लिहिते, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. कबुतरांच्या वेळी नाही भागलं, तेव्हा एक रात्र ग्रुप बंद ठेवावा लागला. ते मान्य.

गुड मॉर्निंग?

नाही. आणि गुड मॉर्निंगच्या फोटोत दक्षिण अमेरिकेतला लाल मकाव असतो, तो आपल्याकडे रानात नसतो. आज सकाळी तुम्हाला स्वतःला दयाळ गाताना ऐकू आला असेल तर तो टाका, तीच शुभ सकाळ.

काकांनी फॉरवर्ड टाकलाय की मोराचे अश्रू पिऊन लांडोर गाभण राहते. काय करू?

या फॉरवर्डला मरण नाही. मोर-लांडोर इतर पक्ष्यांसारखेच मीलन करतात, हे एका ओळीत लिहा आणि सोडून द्या. "शिकले-सवरलेले असून" वगैरे जोडू नका. काकांना बरंच येतं, त्यांना चाळीस वर्षांपूर्वी गावच्या तळ्यावर कोणते पक्षी यायचे ते आठवतं आणि ती माहिती कुठल्याच अ‍ॅपमध्ये नाहीये, ती हवी असेल तर त्यांना ग्रुपमध्ये राहू द्या.

चिमण्यांचं फॉरवर्ड जरा अवघड जातं, कारण ते अर्धवट खरं आहे. मोबाइल टॉवरमुळे चिमण्या संपल्या असं असतं त्यात. देशभरातल्या नोंदी एकत्र करून २०२० मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला त्यात एकूण देशात चिमणी बऱ्यापैकी स्थिर असल्याचं आणि मोठ्या शहरांत कमी झाल्याचं दिसलं. शहरात राहणाऱ्याला ती कमी दिसते ते खरंच आहे, टॉवरचा पुरावा मात्र ठोस नाही. असं सांगितलं की लोक "म्हणजे तुम्ही मोबाइल कंपन्यांच्या बाजूच्या" म्हणतात. म्हणू देत.

एआयनं बनवलेले पक्षी, म्हणजे निळं घुबड किंवा झगमगीत पिसाऱ्याचं मोराचं पिल्लू, हे सरळ काढून टाकतो. मोराचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लासारखं तपकिरी दिसतं.

पक्ष्यांची नावं मराठीत लिहायची की इंग्रजीत?

तुम्हाला येतं त्यात. गावाकडचा एखादा मेंबर सोनकावळा किंवा कुंभार कावळा लिहितो आणि लगेच कोणीतरी "भारद्वाज म्हणा" किंवा "इंग्रजी नाव वापरा" म्हणतं. कशासाठी? ज्याला कळलं नाही त्यानं विचारावं. एका ताईंनी एकदा लिहिलं होतं की इंग्रजी नावं बघून मी सहा महिने गप्प होते, मला वाटायचं मला पक्षी कळतच नाहीत. त्या शेतात राहतात. त्यांना आवाजावरून जेवढे पक्षी ओळखता येतात तेवढे मला येत नाहीत.

फोटोला "नाइस क्लिक" सोडून काही म्हणायचंच नाही का?

फोटो टाकणाऱ्यानं "सूचना सांगा" लिहिलं असेल तर मनमोकळं सांगा. नसेल तर पक्ष्याबद्दल बोला, फोकसबद्दल नको. आणि टाकणाऱ्यांनो, एकाच खंड्याचे अकरा फोटो टाकू नका, तो अकरा वेळा तसाच बसलाय.

माझा फोटो कोणीतरी स्वतःच्या नावानं टाकला.

फोटो काढणाऱ्याचा असतो, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं, खाली वॉटरमार्क असो नसो. आधी त्या माणसाला पर्सनलवर सांगा, बहुतेकांना हे माहीतच नसतं आणि ते ओशाळून काढतात. नाही ऐकलं तर अ‍ॅडमिनला मूळ फाइल दाखवा.

ग्रुपमधल्या बाईंना पर्सनलवर मेसेज केला तर काय बिघडलं? पक्ष्याबद्दलच विचारत होतो.

पक्ष्याबद्दल असेल तर ग्रुपवर विचारा, तिथे तीनशे जण उत्तर देतील. "उद्या एकट्याच जाणार का?" हा पक्ष्याबद्दलचा प्रश्न नाही. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या बायका याच कारणानं कधी लिहीत नव्हत्या, हे मला चार वर्षांनी कळलं, ते पण एका फेरीत चहा पिताना. म्हणजे आम्ही मोकळं बोला मोकळं बोला म्हणत होतो आणि निम्मी माणसं बोलली की त्यांच्या इनबॉक्समध्ये कोणीतरी हजर. आता नियम कडक आहे: आधी ग्रुपवर विचारून परवानगी, आणि एक तक्रार आली तरी समोरच्याला काढतो, मग बोलतो. यावर "दोन्ही बाजू ऐकायला हव्यात" असं म्हणणारे आहेत. ऐकतो ना, काढल्यावर.

रात्री पिल्लू पडलेलं सापडलं किंवा मांज्यात पक्षी अडकला. तेव्हा पण नियम बघत बसायचं का?

अजिबात नाही, रात्री दोनला टाका. पण ग्रुपच्या भरवशावर थांबू नका, महाराष्ट्र वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे तिथेही लावा. छोटं पिल्लू असेल आणि घरटं दिसत असेल तर अलगद परत ठेवा, माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही समजूत चुकीची आहे. जानेवारीत संक्रांतीच्या आठवड्यात मांज्याच्या इतक्या पोस्ट येतात की बाकी सगळं मागे पडतं, तेव्हा कृपा करून हृदय तुटलेले इमोजी टाकून स्क्रीन भरू नका, मदतीला निघालेल्या माणसाला पत्ता वर शोधावा लागतो.

एक बोलका पोपट द्यायचाय, ग्रुपवर टाकू?

टाकू नका. आपले देशी पोपट पाळणं आणि विकणं हा गुन्हा आहे, आणि आता तुम्ही मला सांगितलंत.

भांडण पेटलं की तुम्ही नक्की काय करता?

आधी काहीच नाही. वीस मिनिटं बघते. बरीच भांडणं कुकर लावायच्या वेळेला आपोआप थांबतात. नाही थांबली तर दोघांना वेगवेगळा फोन, टाइप करून नाही, कारण टाइप केलेलं "बरं" कुठल्याही सुरात वाचता येतं. तरीही चाललं तर एक दिवस ग्रुप बंद. माणसाला काढायची वेळ आठ वर्षांत सातदा आली, त्यातले तीन परत आलेत.

लिहिलेलं डिलीट केलं तर प्रश्न मिटतो ना?

तोपर्यंत दोघांनी स्क्रीनशॉट घेतलेला असतो. त्यापेक्षा राहू द्या आणि खाली "चुकलं" असं लिहा. टायपो असेल तर पंधरा मिनिटांत एडिट होतो, पण कोणी उत्तर दिल्यावर मूळ मेसेज बदलून समोरच्याला येडा ठरवायचा प्रकार दोनदा झालाय, तो करू नका.

मला ग्रुप सोडायचाय. कोणाला वाईट वाटू नये असं कसं सोडू?

नुसतं बाहेर पडा. २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर बाहेर पडल्याची सूचना ग्रुपमध्ये सगळ्यांना जात नाही, फक्त अ‍ॅडमिनला जाते. राजीनामापत्र लिहायची गरज नाही. एका दादांनी साडेचारशे शब्दांचं लिहिलं होतं, त्यात माझ्यावर तीन परिच्छेद होते, आणि पाठवल्यावर बाहेर पडायलाच विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच धोबी पक्ष्याचा फोटो टाकला, या मोसमातला पहिला, आणि खाली सगळ्यांनी अंगठे दिले. मी पण दिला.